पिवळं हेल्मेट

कळमनुरीत आमच्या घरासमोर बांधकाम चालू होतं, तेव्हा तांड्यावरून येणारी एक बाई मी खिडकीतून रोज बघायचे. कधी बोलले नाही. डोक्यावर कापडाची चुंबळ ठेवून ती सिमेंटचं घमेलं वर न्यायची.

एकदा गुत्तेदाराने फक्त मिस्त्र्यांना हेल्मेटं वाटली.

“आमाला काहून न्हाई?” तिने विचारलं.

“तुमच्या डोक्यावर घमेलं असतंय की!” तो हसला.

“घमेलं उतरलं तरी डोकं माझंच राहतंय, मालक.”

“मग घरी जाय.”

रोजी बुडणार होती, तरी ती वाळूवर बसून राहिली. एकेक करत बाकीच्या बायाही शेजारी येऊन बसल्या.

दुपारी हेल्मेटं आली. त्यांवर चुंबळ टिकेना. तेव्हा तिने बायांना जिन्यावर ओळीने उभं केलं आणि घमेली हातोहात वर जाऊ लागली. सगळ्यांत वर ती होती, हनुवटीखाली पट्टा घट्ट बांधून.