कर्णा बंद पडल्याचं कारण

कॉलेजच्या पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळी सुट्टीत मी बारवी धरणामागच्या एका पाड्यावर रेडिओ केंद्र चालवलं. रेडिओ हा शब्द जरा मोठाच झाला. एक ॲम्प्लिफायर, एक माइक, ट्रकची बॅटरी आणि आंब्यावर स्क्रूनं बसवलेला जुना कर्णा. साक्षरतेच्या एका योजनेतून हे सामान आलं होतं. पाड्याच्या डोक्यावरून विजेच्या जाड तारा जात होत्या, पण पाड्यात वीज नव्हती.

सकाळच्या एसटीचा कंडक्टर बदलापूरहून चिठ्ठी आणायचा: रेशन दुकानात रॉकेल आलंय का, दवाखान्यात डॉक्टर आहेत का. मी ती कर्ण्यावरून वाचायचो. तीन पाड्यांवर ऐकू जायचं. कर्णा नव्हता तेव्हा बायका डबे घेऊन दोन तास चालत उतरायच्या आणि दुकान बंद बघून परतायच्या.

रोज नवी कटकट. शेळीनं वायर चावली. कर्ण्यात मुंग्यांनी घर केलं. माइक जरा वळला की अशी शिटी वाजायची की कुत्री पळायची. हे सगळं मी निस्तरलं. पण बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर संपलं, तेव्हा अंबरनाथला योजनेच्या साहेबांकडे गेलो.

साहेब हसले. "अरे, एवढं धरण उशाशी घेऊन बसलायस आणि पाणी नाही म्हणतोस?"

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील एमआयडीसीत फिटर. साहेब बोलले की उलट विचारायचं नाही, हे घरातच शिकलेलो. मला ती थट्टा आहे हेच कळलं नाही. परत आलो आणि धरणाचं पाणी फडक्यातून गाळून बॅटरीत भरलं.

तीन आठवड्यांत आवाज खोल गेला, मग बंदच झाला. बॅटरी कण्हत उचलून उल्हासनगरला नेली. सिंधी दुकानदारानं झाकण उघडलं. "साईं, ये क्या पिलाया इसको? ये तो गई."

त्याच दिवशी बायका बंद दुकानापर्यंत जाऊन आल्या. मी ज्यांच्या पडवीत राहायचो त्या काकूंनी रिकामा डबा माझ्यासमोर आदळला. "काय रं मास्तर, तुजा कर्णा मुका झाला नि आमच्या पायांचं वाटोळं!"

मी साहेबांकडे नवी बॅटरी मागितली. त्यांनी छापील अहवाल पुढे सरकवला. बंद पडण्याचं कारण: स्थानिक लोकांचं अज्ञान. लोकसहभाग: नाही. केंद्र बंद. खाली माझ्या सहीची जागा.

"साहेब, पाणी मी घातलं. तुम्हीच म्हणाला होतात."

"मी? अरे, गंमत कळत नाही का? सही कर. कामाचं प्रमाणपत्र हवंय ना?"

मी 'स्थानिक लोकांचं अज्ञान' खोडलं आणि वर लिहिलं, 'साहेबांच्या सांगण्यावरून मी धरणाचं पाणी घातलं.' मग सही केली. प्रमाणपत्र अर्थातच मिळालं नाही. त्याच संध्याकाळी माणूस येऊन सामान घेऊन गेला. कर्ण्याचे स्क्रू गंजले होते, म्हणून तेवढा आंब्यावर राहिला.

दुसऱ्या दिवशी कंडक्टरनं सवयीनं चिठ्ठी दिली. मी ती हातात धरून तसाच उभा राहिलो. काकू म्हणाल्या, "बघत काय बसलास? वाच, मी वरडते." त्या बांधावर चढल्या आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडल्या, "राकेल नाय आलं गोऽऽ!" पलीकडच्या पाड्यावरून एका बाईनं तेच पुढे ओरडून दिलं. त्या दिवशी एकही बाई उतरली नाही.

अहवालातल्या 'लोकसहभाग: नाही' वर रेघ मारायची मात्र माझ्याकडून राहून गेली. साहेबांचा राग मला आजही येतो. त्या न मारलेल्या रेघेचा त्याहून जास्त येतो.