सुलतानबीची धुरी

दौंडच्या चुनभट्टीला लागून असलेल्या वस्तीत सुलतानबी तीस वर्सं सुईण होती. ओव्याची धुरी दिल्याबिगर तिनं एकबी बाळ पाळण्यात घातलं नव्हतं. भिमाजीची लेक माहेरी बाळंत झाली, आन् बारा दिसांच्या पोरीची छाती भात्यागत हलू लागली. सुलतानबीनं धुरी वाढवली, तशी पोरीची धाप वाढली. दार उघडलं, तर भट्टीचा धूर आत आला. वस्तीतली आजवर धापलेली सगळी बाळं म्हातारीला आठवली. तिनं शेगडी उचलून उकिरड्यावर उपडी केली.

"आबा, मायलेकींना आजच सासरी केडगावला धाडा. तिथं धूर न्हाई."

"सव्वा महिना व्हायच्या आत?" भिमाजी म्हणाला. "लोक काय म्हणतील?"

"माझं नाव सांगा. इतकी वर्सं सुलतानबीच चुकली म्हणावं."