अडगळीतला आरएनए

प्रयोगशाळेत तिला सगळे ताई म्हणत. तिच्याहून थोरले असलेले सरसुद्धा. शस्त्रक्रियेत काढलेले धमन्यांचे तुकडे कुटायचे आणि त्यांतला आरएनए वेगळा करायचा, हे तिचं बावीस वर्षांचं काम. उघडं बोट लागलं तरी आरएनएचा भुगा होतो. त्यामुळे घरी मिठाची बरणीही ती जपून, नखानं उघडायची. "अगं, मीठ आहे ते, मरत नाही!" नवरा म्हणायचा.

यंदा तिनं एका लांबलचक आरएनएचा पिच्छा पुरवला होता. त्यापासून प्रथिन बनत नाही, म्हणून बरेच जण त्याला अडगळच समजत. चरबी साचलेल्या धमन्यांत मात्र तो तिला भरभरून दिसला. निरोगी धमन्यांत जवळजवळ नाहीच.

"ताई, आधी डीएनए काढून टाकला होता ना?" सरांनी विचारलं.

तिनं नोंदवही उघडून पाहिली. घाईत नेमकी तीच पायरी राहिली होती. डीएनए उरला, तर यंत्र त्यालाच आरएनए समजून मोजतं.

"मग मुसळ केरात. आज चार वाजता अहवाल जातोय. त्यातून तुमचा आरएनए गाळतो."

"दोन तुकडे उरलेत, सर. एक रोगी, एक निरोगी. तांदळाच्या दाण्याएवढे."

"फसलं तर?"

"मीच खोडून देते."

सकाळभर ती ते दोन तुकडे कुटून आरएनए वेगळा करत राहिली. डीएनए संपवणारं औषध घातलं, दोनदा तपासलं. एक नळी मुद्दाम अशी ठेवली, की पडद्यावर तिची रेष उठली तर डीएनए उरला म्हणायचं. तीन वाजता यंत्र सुरू झालं. सर मागे येऊन उभे राहिले.

यंत्राच्या दर फेरीत नमुन्याच्या प्रती दुप्पट होतात; मूळ आरएनए जितका जास्त, तितकी त्याची रेष लवकर चढते. वीस फेऱ्या झाल्या. पडदा सपाट. एकवीस, बावीस. मग रोगी धमनीची रेष हलली, वळली आणि सरळ उभी चढली!

"थांबा, ती नळी?" सर म्हणाले.

ती नळी सपाट होती. चाळिसाव्या फेरीपर्यंत सपाट. निरोगी धमनीची रेष पस्तिशीनंतर कुठे जराशी कुरकुरली.

"अडगळ म्हणे!" ताई ओरडली. आपण सरांचा दंड धरलाय हे तिच्या लक्षातच नव्हतं.

"अहो, हात सोडा, अहवाल मला लिहायचाय," सर हसले. "पण दोन तुकड्यांवर जग विश्वास ठेवणार नाही. आणखी वीस तरी लागतील."

"शस्त्रक्रियागृहात मघाशीच फोन केलाय. उद्या दोन येताहेत."

"मघाशी? निकालाआधी?"

"मग काय, तुमची वाट बघत बसू?"