सुनेच्या माहेरचा दिवा

आमच्या जेवणाच्या टेबलावर एक दिवा लोंबतो. इतका खाली की उठताना डोकं आपटतं. पितळेची उलटी वाटी, आत दुधी काच. इटलीचा, साठेक वर्षं जुना. सुनेच्या वडलांच्या दवाखान्यात होता. ते गेल्यावर भावाशी भांडून, “माझ्या घरात नीट राहील” असं सांगून तिनं तो आणला.

वाटी काळपट पडलेली. आमच्याकडं काळं पितळ म्हणजे घरात बाई नाही असं समजतात. घट बसायच्या आदल्या दिवशी मी समया, तांब्या, घंटा घासल्या. सून कामावर गेली होती. मग ती वाटीही स्क्रू काढून उतरवली. चिंच, मीठ, राख. दुपारपर्यंत सोन्यागत झाली, परत बसवली.

संध्याकाळी सून आली. टेबलापाशी थांबून तिनं वाटीवरनं बोट फिरवलं.

“कुणी केलं, आई?”

“मी. किती मळ हुता त्याच्यावर.”

“बरं,” म्हणाली आणि पाय धुवायला गेली. मला वाटलं, आवडलं.

दसऱ्याला तिचा भाऊ सोनं द्यायला आला, जेवायला थांबला. खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाला, “ताई, हे काय केलंस? तो रंग वयाचा होता. बाबा फडकंसुद्धा मारू देत नव्हते.”

“मीच घासून घेतला,” सून म्हणाली.

मी पुऱ्या वाढत होते. माझ्यावर कुणी पांघरूण घातलेलं मला खपत नाही.

“पावणं, तिनं न्हाय. मी घासला. तिला इचारलं बी न्हाय.”

तो हसला. “म्हणजे तुझ्या घरात तुला विचारत नाहीत होय? मग दिवा माझ्याकडंच ठेवायचास की.”

सुनेनं ताटातून मान वर केली नाही. ती मला झाकत नव्हती, स्वतःची अब्रू झाकत होती. ती मी भावासमोर उघडी केली, आणि वर खरं बोलल्याचा तोरा.

तिन्हीसांजेला दिवा लावला की हात जोडायची आमची रीत. सून बटण दाबते, हात जोडते, माझ्याकडं बघत नाही. माफी मागायची सवय मला नाही. आणि मागायची तर कशाची, घासल्याची की बोलल्याची?

वाटी पुन्हा काळी पडायला लागली आहे. भांडीवालीला बजावलंय, हात लावायचा नाही.

“आजी, लोकं नावं ठेवतील की,” ती म्हणते.

“ठेवू देत.”