नारळाच्या पाण्यावरची सही

यवतमाळच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघंच सहायक होतो. मी राजूरचा, ती झरी जामणीकडच्या खेड्यातली. धानाच्या फुलातले परागकोष चिमट्यानं काढायचे, बाटलीतल्या मीडियावर, म्हणजे पोषक जेलीवर, ठेवायचे आणि परागातून रोपं उगवतात का ते पाहायचं, हे आमचं काम. माझी उगवायची, पण पांढरीफटक. तसली रोपं जगत नाहीत. तिची हिरवीगार. पुढच्या वर्षी दोघांतल्या एकालाच ठेवणार, असं प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी सांगून टाकलं होतं.

माझा नुसता जळफळाट व्हायचा, सरळ सांगतो. मीडियात मी साखर बदलून पाहिली, कोळशाची पूड टाकून पाहिली. काही फरक नाही. ती नारळाचं पाणी जरा वाढवायची आणि तिचं जमून जायचं. हिरव्या रोपांचा फोटो तिनं मोबाइलच्या स्टेटसला ठेवला, तो मी चारदा पाहिला. वर मलाच म्हणायची, "काहून घाई करून राह्यला? माझं प्रमाण घे न लिहून." तिचा हा चांगुलपणा तर जास्तच झोंबायचा. मी कशाला लिहून घेतो!

नारळ फोडायच्या आमच्या पाळ्या असत. ज्याची पाळी, त्यानं प्रत्येक नारळाचं पाणी चमचाभर चाखायचं, चांगलं असेल तरच मोठ्या बाटलीत ओतायचं आणि बाटलीवर सही करायची. त्या दिवशी पाळी माझी होती. चौथ्या नारळाचं पाणी आंबूस लागलं. दुसऱ्या दिवशी ती आपली सगळी रोपं याच पाण्याच्या नव्या मीडियावर हलवणार, हे मला ठाऊक होतं. माझ्यापुरतं आधीच्या बाटलीतलं चांगलं पाणी मी बाजूला काढलं. मग आंबूस पाणी बाटलीत ओतलं, सही केली आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवली.

आठवडाभरात तिची रोपं मुळाशी काळी पडली, एकूण एक. मॅडम खूप चिडल्या. ती बेसिनपाशी बाटल्या धूत राहिली. मॅडमना पाण्याची शंका आली, तेव्हा तीच म्हणाली, "पाण्यावर याची सही हाय, मॅडम. माहंच काही चुकलं असन."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "तू चाखलं होतंस ना?"

"हो, चाखलं होतं," मी म्हणालो.

ते खोटं नव्हतं. जागा मला मिळाली.