भोंग्याच्या आवाजाच्या प्रती

भाजीबाजारात लिलाव पुकारणाऱ्या त्या माणसाला सगळे भोंगा म्हणत, आणि त्यालाही ते आवडायचं. पत्र्याच्या शेडखाली कोबीच्या गोण्यांवर उभा राहून तो बोली पुकारायला लागला की पार फाटकापाशी माल उतरवणाऱ्या हमालांनाही भाव कळायचा. माइक त्याला कधी लागला नाही. व्यापाऱ्यांनी एकदा आणून दिला, तर त्याने तो बटाट्याच्या पुकाऱ्याला देऊन टाकला. म्हणाला, ह्या गरिबाला जास्त गरज आहे. गिऱ्हाईक कच खायला लागलं की भोंगा त्याच्या अब्रूला असा हात घालायचा की माणूस हसत हसत भाव चढवायचा आणि घरी गेल्यावर पस्तावायचा.

घरात मात्र ह्या आवाजाने बायको बेजार. ती लॉन्ड्रीत इस्त्रीच्या कामाला होती. दिवसभर वाफेत उभं राहून आल्यावर तिला दोन घटका शांतता हवी असे, आणि ह्या माणसाला कानात सांगायची गोष्टही हळू सांगता येत नसे. नवराबायकोचं भांडण कधी दोघांत राहिलं नाही. जिन्यात भेटलेली शेजारीण खुशाल सांगायची, "वहिनी, ह्या खेपेला चूक तुमचीच हं." बायकोला तो नावाने हाक मारत नसे. "अगं ए" एवढंच. ते "अगं ए" रस्त्याच्या वळणावरूनच यायचं, आणि ते ऐकून ती चहाचं आधण ठेवायची.

मग त्याचा घसा बसला. बसलाय तसा उठेल, असं तो म्हणाला, आणि सगळ्यांनी ते खरं मानलं. गुळण्या झाल्या, गोळ्या झाल्या, बाजारातल्या प्रत्येकाचा रामबाण उपाय झाला. आवाज फाटका झाला, मग घोगरा, मग नुसती खरखर. इस्पितळात जाईपर्यंत गाठ वाढून बसली होती. स्वरयंत्र काढावं लागेल, डॉक्टर म्हणाले. जीव वाचेल, आवाज नाही.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी नर्सने खाटेभोवतीचा पडदा ओढून घेतला आणि म्हणाली, काय बोलायचं ते बोलून घ्या. दोघं एकमेकांकडे बघत बसली. एवढा संसार झाला, पण बोलून घ्या म्हटल्यावर काय बोलायचं असतं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "मोरीतला नळ घट्ट बंद करत जा. टपकतो तो." ती हो म्हणाली. ते शेवटचं.

घरी आला तेव्हा त्याच्या गळ्याला खाली एक भोक होतं आणि त्यातून श्वास जात-येत होता. हाक मारायची तर तो टाळी वाजवायचा. इस्पितळाने गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र दिलं होतं. त्यातून निघालेलं ऐकून शेजारचं तान्हं पोर किंचाळत आईला बिलगलं, तेव्हापासून ते यंत्र कपाटावर गेलं. बाजाराने त्याला अगदीच वाऱ्यावर सोडलं नाही. क्रेट धुवायचं काम दिलं. तो खाली वाकून क्रेट धुवायचा आणि वर गोण्यांवर बटाट्याचा पुकाऱ्या माइक घेऊन उभा असायचा.

बायकोला आधी घरातली शांतता कळलीच नाही, कारण आजारपणात उसंत नव्हती. कळली तेव्हा अंगावर आली. एक दिवस लॉन्ड्रीत कुणाच्या तरी लग्नाचे कपडे इस्त्रीला आले, आणि शेरवानीची बाही ताणता ताणता तिला आठवलं, आपल्या नणंदेच्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग झालं होतं. त्या लग्नात ऐन जेवणाच्या आधी वीज गेली होती. लोक चुळबुळ करायला लागले, तशी भोंग्याने खुर्चीवर चढून टेबलावरच्या फुलांच्या गुच्छांचा लिलाव मांडला होता. अंधारात शंभर माणसं पोट धरून हसली होती. कॅमेरा बॅटरीवर चालत होता, दिवाही त्याचाच होता. शेवटचा गुच्छ राहिला तेव्हा तो ओरडला होता, "अगं ए, ऐकतेस का? हा तुला. बोली लावू नकोस, तुला परवडायचा नाही." तेव्हा तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आता ती इस्त्री उभी करून तशीच थांबली, आणि त्या शूटिंगच्या डीव्हीडीसाठी तिचा जीव तुटायला लागला.

नणंदेकडे ती मागणं अवघड होतं. लग्न टिकलं नव्हतं. जावयाने मुलीचे हाल केले होते आणि ती कायमची माहेरी आली होती. त्या घरात लग्न हा शब्दही कुणी काढत नसे. नणंदेने आधी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग मुलगी बाहेर गेल्यावर कपाटाच्या तळातून, जुन्या चादरींखालून ती डबी काढली. आठवड्यात परत आणायची, आणि पोरीच्या कानावर घालायचं नाही, अशी अट घातली.

म्हणजे प्रत करणं आलं. वरच्या मजल्यावर एक निवृत्त टायपिस्ट राहायचे. त्यांच्याकडे कॉम्प्युटर होता आणि डीव्हीडी राइट करायची सोयही. काम जमेल, ते म्हणाले, पण कोऱ्या डीव्हीडी तुम्ही आणा.

दुकानात तिची मती गुंग झाली. कापडाला बोट लावलं की सूत ओळखणारी बाई, पण इथे सगळंच सारखं चकाकत होतं. दुकानदाराने विचारलं, प्लस हवी की मायनस? ती माघारी येऊन टायपिस्टकाकांना विचारून गेली. मायनस. तुमच्यासारख्यांच्या जुन्या प्लेअरला तीच मानवते. मग दुकानदाराने दोन तऱ्हा दाखवल्या. एक नावाजलेल्या कंपनीची, जाड डबीत बंद, एकच उरलेली. दुसऱ्या बिननावाच्या, प्लास्टिकच्या काठीत ओवून पोळ्यांसारख्या रचलेल्या, वरचं झाकण तडकलेलं. पालथ्या केल्या तर दोन्हींचा रंग जांभळट, कुठे डाग नाही, चरा नाही. ह्या कशा आहेत, तिने चळतीकडे बोट दाखवून विचारलं. अजून कुणी परत आणून दिली नाही, तो म्हणाला. ती बराच वेळ दोन्ही हातांत धरून उभी राहिली. डबीतली एक गेली तर गेली, चळतीतली एक गेली तर दुसरी आहे, असा तिने हिशेब केला आणि चळत घेतली. संसारात तिने सगळं असंच घेतलं होतं, आणि ते कधी फारसं चुकलं नव्हतं.

पहिली डीव्हीडी वाया गेली. राइट होत असताना काकांनी पत्त्यांचा खेळ उघडला आणि कॉम्प्युटर मधेच गोठला. काका ओशाळले. त्यानंतर त्यांनी वेग अगदी कमी लावला, हळू लिहिलं की नीट उमटतं म्हणाले, आणि दोघंही हात मांडीवर ठेवून, फोटो काढायला बसल्यासारखी, पडद्यावरची पट्टी पुढे सरकताना बघत राहिली. तिने चार प्रती करून घेतल्या. नीट निघाली का बघायला काकांनी शेवटचा भाग लावला, आणि त्या खोलीत भोंग्याचा आवाज भरला. काकांनी घाईने आवाज कमी केला. भोंगा खाली, घरात होता.

मूळ डीव्हीडी तिने दिल्या वेळेत परत केली. आणि एका सुट्टीच्या दिवशी, चहा झाल्यावर, नवऱ्याला काही न सांगता प्रत लावली. त्याला बरं वाटेल, असं तिला मनापासून वाटलं होतं. पडद्यावर पाहुणे आले, गप्पा झाल्या, वीज गेली. भोंगा खुर्चीवर चढला. खाटेवर बसलेल्या भोंग्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता, भोकातून हवा फसफसत होती. तीही हसली. मग त्याचं हसू थांबलं. त्याने तिच्या हातातला रिमोट घेतला आणि आवाज बंद केला. पडद्यावर तो हातवारे करत होता, तोंड उघडत होता, माणसं हसत होती, आणि कशाचाच आवाज नव्हता. हे त्याने शेवटपर्यंत पाहिलं. मग रिमोट जागेवर ठेवला, पायांत चपला अडकवल्या आणि सुट्टी असून बाजारात निघून गेला.

त्याच्यासमोर तिने ती पुन्हा लावली नाही. तो कामावर गेला की लावायची, तीही आवाज बारीक करून. ज्या आवाजाला आयुष्यभर हळू हळू म्हणत आली, तो आता आपल्याच घरात चोरून ऐकायची पाळी आली, ह्याचं तिला हसू यायचं आणि लगेच सरायचं.

त्याचं माणसांत बसणं तुटत गेलं. बाजारातले सुरुवातीला थांबून दोन शब्द बोलायचे, मग नुसते हात करायचे, मग तेही राहिलं. उत्तर न देणाऱ्याशी माणूस किती बोलणार? काही वर्षांनी त्याच्या मानेत दुसरी गाठ आली. ह्या वेळी डॉक्टरांनी काढायची भाषा केली नाही. तो घरीच असायचा, भिंतीकडे तोंड करून. टाळी वाजवायलाही त्याला जड जायला लागलं, तेव्हा ती लॉन्ड्रीतलं काम सोडून त्याच्या उशाशी बसून राहिली. डीव्हीडी टीव्हीमागे तशाच पडून होत्या. त्या लावायची ना सवड होती, ना धीर. तो गेला तेव्हा ती शेजारीच होती. निरोप घ्यावा असं काही झालं नाही. श्वास येईना, एवढंच.

माणसांची ये-जा थांबली, घर रिकामं झालं, तेव्हा तिने टीव्हीमागून पहिली प्रत काढली. पाहुणे आले, मांडव दिसला. मग चित्राचे चौकोन चौकोन झाले, रंग फुटले आणि सगळं अडकलं. तिने पदराने पुसून पुन्हा लावली. तिथेच अडकली. दुसरी लावली, ती थोडी पुढे गेली. तिसरी प्लेअरने घेतलीच नाही. चौथी पहिलीसारखीच. एकाच चळतीतल्या त्या, चौघींचं दुखणं एकच.

ती चारही घेऊन वर गेली. टायपिस्टकाका थकले होते, कॉम्प्युटर नवा होता. त्यांनी जमेल ते सगळं करून पाहिलं. पालथी करून उजेडात धरली तर कडेला जांभळा रंग उडून फिकट, चट्ट्यांसारखा झाला होता. तबकडी आतून बाहेर लिहिली जाते, ते म्हणाले, आणि हलका माल कडेकडून जातो. म्हणून सुरुवात राहते आणि शेवट जातो. तिचं काम शेवटातच होतं. जुन्या कॉम्प्युटरवर एखादी प्रत राहिली असेल का, तिने विचारलं. काकांनी चष्मा काढला. जागा भरली म्हणून ती त्यांनी तेव्हाच पुसून टाकली होती. तिच्याजवळ चार आहेत म्हटल्यावर त्यांना ती ठेवावीशी वाटली नव्हती.

राहिली मूळ. ती त्याच पावली नणंदेकडे गेली. नणंदेने पाणी दिलं, समोर बसली, सगळं ऐकून घेतलं आणि मान खाली घातली. मुलीला ती डबी सापडली होती. तिने कात्रीने तुकडे केले, आणि आईने ते कचऱ्यात टाकले.

"वन्सं, त्यात तुमचा दादा होता हो," ती म्हणाली.

"मला कुठे लक्षात होतं, वहिनी," नणंद म्हणाली. "माझ्या लेखी त्यात तो मेला जावईच होता फक्त. दादा होता हे तुम्ही आत्ता म्हणालात तेव्हा आठवलं."

मग नणंद रडायला लागली. आतल्या दारात मुलगी उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. तिला बोल लावावा असं मामीच्या मनात आलं नाही. त्या पोरीने जे कापलं ते कापायलाच हवं होतं. आभाळ फाटलेल्या दोन घरांनी एकमेकांना ठिगळ मागण्यात काय हशील? तिने नणंदेच्या पाठीवरून हात फिरवला आणि निघाली.

येताना ती त्या दुकानावरून आली. नावाजलेल्या कंपनीची ती एक कोरी असेल का, हे विचारण्यात आता अर्थ नव्हता, तरी पाय वळले. तिथे मोबाइलची कव्हरं टांगली होती. मालकही बदलला होता. कोरी डीव्हीडी म्हटल्यावर त्याने, ही कुठल्या काळातली बाई, अशा नजरेने पाहिलं आणि कुठेच मिळणार नाही असं सांगितलं.

ती पुन्हा लॉन्ड्रीत लागली. घरी आली की काही दिवस ती दुसरी प्रत लावायची, सर्वांत पुढे जाणारी. त्यात मांडवात खुर्च्या कमी पडतात आणि भोंगा दोन्ही काखांत खुर्च्या मारून पाठमोरा जाताना दिसतो. कुणीतरी मागून काही म्हणतं. तो वळतो, कॅमेऱ्याकडे बघतो, तोंड उघडतो, आणि तिथे चित्र थिजतं. काय म्हणाला असेल ह्याचा तिने पुष्कळ विचार केला. बाजूला व्हा म्हणाला असेल, दुसरं काय.

ती जागाही दर वेळी थोडी अलीकडे सरकत गेली. आधी वळलेला चेहरा गेला, मग पाठ, मग खुर्च्या. एके दिवशी डीव्हीडी आत घेऊन प्लेअर नुसताच घरघरत राहिला आणि ती परत बाहेर ढकलली. तिने ती कागदी पाकिटात घालून बाकीच्या तिघींबरोबर ठेवली, प्लेअरची वायर काढली आणि लॉन्ड्रीची वेळ झाली होती म्हणून दाराला कडी लावून निघाली.