मास्तरांचा रेडिमेड गुडघा

आमच्या शिंपी मास्तरांइतका मनापासून आपल्या गिऱ्हाइकांचा अपमान करणारा माणूस चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत दुसरा झाला नसेल. आरमोरीच्या बाजारात, धानाच्या आडतीला लागून त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे पायाने चालवायचं एक मशीन, कापड कापायचं टेबल आणि एक बाक, आणि त्या बाकावर आपली पाळी येईपर्यंत मान खाली घालून बसलेली माणसं. गळ्यात टेप अडकवून मास्तर समोर उभे राहिले की भल्याभल्यांना आपल्या देहाची लाज वाटायला लागायची. हायस्कुलात नोकरी लागली तेव्हा मी पहिली पँट शिवायला त्यांच्याकडे गेलो. त्यांनी माझ्याभोवती एक सावकाश फेरी मारली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "सर, तुमचा डावा खांदा पडला आहे. काऊन? पोरायच्या वह्या एकाच खांद्यावर आनता का?" मी विचारलं, पँटचा आणि खांद्याचा काय संबंध? तर म्हणाले, "काई संबंध नाई. दिसलं, तं सांगून देल्लं." त्या दिवसापासून मी आरशात बघताना डावा खांदा जरा उचलूनच बघतो.

कपडे वेळेवर देणं हे त्यांना कमीपणाचं वाटे. कुणी तारीख विचारली की ते उदार मनाने "जुम्म्याले या" म्हणत, आणि शुक्रवारी दुपारपर्यंत दुकान बंद असे, कारण मास्तर मशिदीत. नमाजाहून परत आले की गर्दी बघून स्वतःच नवल करत, "आज एवढे लोक कुठून आले जी?" दिवाळीनंतर इकडे गावोगाव नाटकांचा हंगाम सुरू झाला की राजा, फौजदार आणि खलनायक यांचे कपडे त्यांच्याकडे येत. एका राजाच्या अंगरख्याला त्यांनी आतून खिसा लावून दिला होता. नाटकमंडळी हसली, तेव्हा मास्तर शांतपणे म्हणाले, "राजाले शिंक येत नाई का? रुमाल कुठी ठेवन तो?" पहिल्या प्रयोगात राजाने त्या खिशातून तंबाखूची डबी काढली आणि म्हणे त्या प्रवेशाला सर्वांत जास्त टाळ्या पडल्या.

त्यांचा खरा राग होता तो रेडिमेडवर. नव्वद सालानंतर बाजारात तयार कपड्यांची दुकानं निघाली, तेव्हापासून मास्तर त्या बाजूच्या फुटपाथवरून चालेनासे झाले. "ज्या मानसाले कदी पाह्यलंच नाई, त्याच्यासाठी शिवलेला कपडा तो रेडिमेड," ही त्यांची व्याख्या, आणि ती ते गिऱ्हाइकाला न मागता ऐकवत. त्यांच्याच थोरल्या मुलाने एकदा ईदेला जीन्सची तयार पँट आणली. मास्तरांनी ती भर घरात उलटी करून पाहुण्यांना आतली शिवण दाखवली. मास्तरांची बायको, आमच्या भाभी, शिरखुर्म्याच्या वाट्या घेऊन तशाच उभ्या. मुलगा स्वभावाने गरीब, पण धंद्याची जाण बापापेक्षा जास्त. मशीनला विजेची मोटर लावावी, अर्ध्या दुकानात तयार कपडे टांगावेत, एवढंच त्याचं मागणं होतं. मास्तरांनी त्याला एकदाच उत्तर दिलं, तेही माझ्यासमोर. "ज्या दिवशी माह्या पायानं मशीन चालनार नाई, त्या दिवशी दुकान तुहं. मंग तिथी रेडिमेड टांग नाईतं टमाटर इक. तोवर मले सांगू नको."

आणि नेमका पायच गेला. जन्मभर पायडल मारून डावा गुडघा असा झिजला की मशिदीपासून दुकानापर्यंत यायला मास्तरांना वाटेत दोन पानठेल्यांवर थांबावं लागे. शेवटी मुलाने ऐकलं नाही, नागपूरला नेऊन गुडघा बदलून आणला. तेव्हा आमच्याकडे गुडघा बदललेला माणूस बघायला मिळणं दुर्मिळच होतं. लोक सहकुटुंब येत, चादर वर करून बघत आणि "आत लोखंड आहे म्हनते" असं एकमेकांना सांगत. मी गेलो तेव्हा मास्तर उशीवर पाय ठेवून पडले होते. तब्येत विचारायच्या आत म्हणाले, "सर, मापच नाई घेतलं!" मला वाटलं भुलीचा अंमल अजून उतरलेला नाही.

महिने गेले, टाके सुकले, काठी सुटली, पण मास्तरांचं आणि त्या गुडघ्याचं काही जमेना. संध्याकाळ झाली की तो तापायचा. व्रणाच्या बाजूची बोटभर कातडी बधिर झाली होती. तिथे हात लावला की "हे माहं नव्हंच" म्हणायचे. चालताना आतून कट् असा आवाज येई. थंडीत तर सकाळी पाय उंबऱ्याबाहेर टाकायला त्याची समजूत काढावी लागे. आरमोरीत डॉक्टर मोजके असले तरी गुडघ्याचे जाणकार घरटी एक. कुणी मोहाच्या तेलाची मालिश सांगितली, कुणी कोंबडीच्या पायांचं सूप, आणि आडतीवरच्या हमालाने तर दुसराही बदलून टाका म्हणजे दोन्ही सारखे दुखतील असं सुचवलं. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि प्रत्येकाच्या सदऱ्याची कॉलर कशी चुकली आहे ते सांगून त्याला वाटेला लावलं.

तपासणीसाठी मी त्यांच्याबरोबर एसटीने नागपूरला गेलो, कारण मुलगा बरोबर असला की मास्तर डॉक्टरशी बोलण्याऐवजी मुलाशी भांडत. डॉक्टर भला माणूस होता. त्याने एक्स-रे उजेडावर धरला आणि सगळं उत्तम आहे म्हणाला. मास्तर खुर्चीत पुढे सरकले. "साहेब, एक इचारतो, राग नका मानू. याची ट्रायल कदी घेतली होती तुमी?"

"घेतली ना. पक्का बसवण्याआधी माप जुळतं का ते आम्ही बघतोच. तुम्हाला भूल दिलेली होती."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. "गिऱ्हाईक झोपलं असताना ट्रायल?"

"मास्तर, यात साइज असतात. तुमच्या हाडाला बरोबर बसणारा साइजच टाकलाय."

"साइज," मास्तर हळूच म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजे रेडिमेड."

डॉक्टरला यातलं काही कळलं नाही. "आतल्या अंगानं दाबून राह्यलं जी, जरासं अल्टर करून देता का?" असंही मास्तरांनी विचारून घेतलं. डॉक्टरने समजावलं की काही जणांना असं दुखणं वर्षभर, क्वचित त्याहून जास्त राहतं, व्यायाम करा, धीर धरा, आणि मशीन थोडं थोडं चालवायलाही हरकत नाही. हे शेवटचं वाक्य ऐकताच मास्तरांनी एक्स-रे काखेत मारला आणि उठले. परतीच्या एसटीत नागभीड येईपर्यंत ते डाव्या गुडघ्यावर तळहात दाबून बसले होते. त्यांना भीती कशाची वाटते हे मला तिथे, त्या एसटीत कळलं. डॉक्टरने मशीन चालवायला मनाई केली असती तर दोष डॉक्टरचा झाला असता. आता पायडलवर पाय ठेवून तो चाललाच नाही, तर दुकान मुलाचं. म्हणून गेले कित्येक महिने ते मशीनजवळ जातच नव्हते. नुसते उभ्याने कापड कापत आणि शिवायला वेळ नाही अशी बतावणी करत. बाकावरचे लोक एकेक करून समोरच्या रेडिमेडमध्ये जायला लागले होते. मुलाने तर मोटर आणून डब्यासकट मशीनखाली ठेवून दिली होती, फक्त बापाला काही बोलला नव्हता. मला मास्तरांची मनापासून कीव आली, आणि ती त्यांना दिसली असती तर त्यांनी माझा दुसराही खांदा पाडला असता.

नागभीडनंतर ते आपणहून बोलले. मशिदीत त्यांना आता प्लास्टिकची खुर्ची दिली होती, रांगेच्या टोकाला. "सगळे सजद्यात खाली वाकतात सर, मी एकटा वर. सगळ्याइच्या पाठी दिसतात. कोनाच्याच सदऱ्याची शिवन सरळ नाई. अल्ला माफ करो, नमाज पढताना माहं ध्यान शिवनीत जाते." हसावं की नाही हे मला ठरवता आलं नाही. 

शाळा उघडायच्या आधी मी मुद्दाम पँटचं कापड घेऊन गेलो आणि याच आठवड्यात पाहिजे म्हणून अडून बसलो. मास्तरांनी कापड कापलं, मला माझ्या पोटावरून दोन शब्द सुनावले आणि मग बराच वेळ कैची पुसत राहिले. शेवटी मशीनवर झाकलेली चादर काढून ते बसले. मुलगा दाराशी येऊन उभा राहिला. पायडल एकदा दाबलं, आतून कट् झालं, मास्तरांचे डोळे मिटले आणि चाक थांबलं. मुलगा पुढे आला, तसा मी त्याला हाताने थांबवलं. मास्तरांनी घाम पुसला, काहीतरी पुटपुटले आणि पुन्हा दाबलं. पट्टा फिरला. मशीन सुरू झालं आणि दर फेऱ्याला गुडघा कट् कट् वाजू लागला. एका पायाची पूर्ण शिवण घालून झाल्यावर त्यांनी दोरा दाताने तोडला आणि मान वर न करता मुलाला म्हणाले, "तो डबा उचल तिथून. पाय ठेवाले अडचन होऊन राह्यली." मुलाने डबा उचलला. जाताना तो हसत होता असं मला वाटलं.

मी पँट घरी नेऊन घातली, तर डावा पाय गुडघ्याशी चांगला सैल. चौकशी केली तेव्हा कळलं की पोस्टमनची, तहसीलच्या कारकुनाची, सगळ्यांचीच तीच गत. सुजलेल्या गुडघ्यामुळे मास्तर स्वतःची पँट डाव्या पायात सैल कापत आणि हाताला तीच सवय लागली होती. त्या पावसाळ्यात आरमोरीच्या सगळ्या पुरुषांचा डावा पाय सुजल्यासारखा दिसत होता. मी तक्रार घेऊन गेलो. मास्तरांनी पँट उलटसुलट करून बघितली. चूक त्यांना दिसली, हे मला दिसलं. "काचत तं नाई ना तुमाले?" त्यांनी विचारलं. नाही, म्हटलं. "मंग राहू द्या," म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या मानेकडे वळले.

दुखणं कायमचं गेलं असं कधी झालं नाही. पुढे एकदा मी विचारलं, तेव्हा टेबलावर आरमोरीच्याच विणकराने विणलेलं कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड पसरलेलं होतं. त्यावर हात फिरवत म्हणाले, "हे नवं असताना अंगाले टोचतेच सर. मंग ते नरम होते का आपन त्याच्या हिशेबानं हात हलवाले शिकतो, हे मले अजून समजलं नाई. तो गुडघा बी तसाच." त्याच दिवशी मला कळलं की मास्तरांनी आयुष्यात एका रेडिमेड वस्तूला माफ केलं आहे.

मास्तर जाऊन आता बरीच वर्षं झाली. दुकानात तयार कपडे टांगलेले असतात. मुलाने जुनं मशीन कोपऱ्यात ठेवलंय आणि पँटची लांबी कमी करायची असली की त्यावर बसून पायानेच शिवतो, मोटर कधी लावलीच नाही. मी गेलो की तो अदबीने साइज विचारतो आणि मापाची पँट काढून देतो. माझ्याभोवती फेरी मारत नाही.

गेल्या हिवाळ्यापासून माझा डावा गुडघा सुजतो. एकही पँट चढेना, तेव्हा जुन्या ट्रंकेच्या तळातून मी मास्तरांनी शिवलेली ती डाव्या पायात सैल पँट काढली. कमरेचा हुक काही लागला नाही, त्याबद्दल मास्तरांनी मला आधीच बजावलं होतं. पण डावा पाय आत गेला तो कुठेही न अडकता, आणि गुडघ्यापाशी अगदी मापात बसला. मी तसाच आरशासमोर उभा राहिलो. सवयीने उचललेला डावा खांदा हळूच खाली सोडला आणि थोडा वेळ थांबलो. कुणीच काही म्हणालं नाही.